दारावरची गोळी

वितळलेलं मेण डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर पडलं, पांढरं झालं, गार झालं, आणि तिला ते दिसलं. कळलं मात्र नाही. सव्वीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. मेण अंगावर पडणं म्हणजे काही नवल नव्हे, रोज एखादा थेंब पडायचाच, आणि रोज ती जिभेने 'स्स' करून बोट ओठांत धरायची. आज 'स्स' आलंच नाही. समोर प्लास्टरचा जबडा, त्यावर मेणाची गुलाबी हिरडी, हिरडीत बसवलेले सहा दात आणि उरलेल्या आठ दातांसाठी वाट बघणारी जागा. ती बोटाकडे बघत राहिली. कुणा दुसऱ्याच्या बोटावर मेण पडावं आणि आपण शेजारून बघावं, तसं. मग तिने नखाने पापुद्रा उचकटला. खालची कातडी भाजली होती, चांगली लालबुंद वर्तुळाकार भाजली होती. आणि त्या वर्तुळाच्या भोवतीचं बोट लाल नव्हतं. ते पांढरं होतं, आणि नखाच्या मुळाशी निळसर.

तिने टाचणी घेतली आणि टोचून बघितली. मधल्या बोटाला टोचली, करंगळीला टोचली. हात बदलून उजव्यालाही टोचली. टाचणी आहे हे कळत होतं, पण पलीकडच्या खोलीत कुणी बोलावं तितकंच. मागे पॉलिशच्या मशीनवर बसणारा माणूस, ज्याला सगळी लॅब घाशा म्हणायची आणि जो स्वतःही फोनवर 'घाशा बोलतोय' म्हणायचा, तो ओरडला, "काय हो, दात बसवताय की गोधडी शिवताय?" ती हसली. हसल्यासारखं केलं. थंडीने झालं असेल, तिने स्वतःला सांगितलं. मान आखडली की हाताला मुंग्या येतात, मागे लॅबच्या मालकांनाही आल्या होत्या. वय झालं, शेहेचाळीस म्हणजे काही कमी नाही. अशी एकेक समजूत ती मनात उभी करत होती आणि एकेक आपोआप आडवी होत होती, कारण मुंग्या नव्हत्याच. मुंग्या म्हणजे काहीतरी आहे. इथे काहीच नव्हतं. सकाळी जिना चढताना पोटऱ्या अशा भरून आल्या होत्या की मधल्या पायरीवर तिला उभं राहावं लागलं होतं, आणि तेव्हाही ती म्हणाली होती, थकवा. कालपासून ती सगळ्याला थकवाच म्हणत होती.

आणि कालपासून काय वेगळं झालं होतं? या प्रश्नापाशी तिचं मन येऊन थांबलं आणि तिथून हलेना. परवापासून अर्धं डोकं ठणकत होतं. काल सकाळी ताईने, तिच्या थोरल्या बहिणीने, आपला डबा काढला. ताईचा डबा म्हणजे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, आणि त्यात घरादाराच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या, प्रत्येकीवर ताईच्या ठसठशीत अक्षरात: ताप, पोट, खोकला, झोप, डोकं. कुणालाही शिंक आली की ताई डबा उघडायची. खालच्या मजल्यावरचे लोक त्याला ताईचा दवाखाना म्हणायचे, आणि ताईला ते आवडायचं. सुख-दुःखात ताईला दुसरं काही बोलता यायचं नाही, ती गोळी काढून हातावर ठेवायची. "घे गं छोटे, अर्ध्या डोक्यावर एक नंबर आहे. माझं हिच्यावरच चालतं." काल सकाळी एक, काल संध्याकाळी एक, आज सकाळी निघताना एक. तिन्ही वेळा ताईने पाण्याचा पेला स्वतः हातात दिला होता. तिन्ही वेळा ती घटाघटा प्यायली होती, शहाण्या लेकरासारखी.

आणि तिन्ही वेळा तिला बूस्टर आठवला नाही. खरं सांगायचं तर तिने आठवू दिला नाही. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला. सगळ्यांना न्यूमोनिया सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं, फक्त अर्धं होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्याही रिपोर्टवर एचआयव्ही आलं. गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सुधारली, ताईकडे राहायला आली, नोकरी चालू राहिली. सगळं सुरळीत. मग चार वर्षांपूर्वी ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन खोल्यांचं घर माणसांनी भरून गेलं, आत्या, मावशी, चुलत वहिनी, कपाटापाशी सतत कुणीतरी. गोळ्या घ्यायला आडोसाच नव्हता. आज राहिली, उद्या राहिली, असं करत अडीच महिने धड घेतल्याच गेल्या नाहीत, आणि विषाणूने तेवढी संधी पुरेपूर साधली. जुन्या गोळ्या चालेनाशा झाल्या. नव्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही एक जास्तीची, बूस्टर.

क्लिनिकमध्ये औषधं समजावून सांगणाऱ्या चष्मेवाल्या बाई होत्या. बाई शांत बोलायच्या आणि प्रत्येक गोष्ट तुमच्याकडून पुन्हा वदवून घ्यायच्या. "ही गोळी इथे विषाणूशी लढायला नाही दिलेली," त्या म्हणाल्या होत्या. "तुमचं शरीर मोठ्या गोळीला फार लवकर बाहेर काढतं. ही दारावर उभी राहते आणि तिला जाऊ देत नाही. म्हणून मोठी गोळी थोडकीच पुरते. पण बाई, दारावर उभी राहिली की ही माणूस बघून अडवत नाही. तुम्ही दुसरं कुठलंही औषध घेतलंत, तर त्यालाही अडवेल. मग ते अंगात साठत जातं. एका गोळीचा परिणाम चार-पाच गोळ्यांइतका होतो, दहा गोळ्यांइतकाही होतो. सगळ्याच औषधांचं असं होत नाही, पण कुठल्याचं होतं ते तुम्ही ठरवायचं नाही. झोपेची, दम्याची, सांध्यातलं इंजेक्शन, अॅसिडिटीची सुद्धा, आधी आम्हाला विचारायचं. काय करायचं?" "आधी विचारायचं." "आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर?" "बूस्टर चालू आहे म्हणून सांगायचं." "शाब्बास." मग बाईंनी एक कार्ड दिलं होतं, घडीचं. आत यादी होती, बूस्टरबरोबर अजिबात न चालणारी औषधं. दुसऱ्या की तिसऱ्या ओळीत काहीतरी अर्धशिशीचं होतं. होतं ना? तिला ती ओळ दिसत होती, ठळक अक्षरांत, पुढे लाल फुली. नाव दिसत नव्हतं.

कार्ड नव्हतं. कार्डाच्या पाठीवर क्लिनिकचा शिक्का होता, चांगला तळहाताएवढा, आणि तो शिक्का पर्समध्ये घेऊन घरी जाण्याची तिची छाती झाली नाही. त्याच दुपारी, याच टेबलावर, याच स्पिरिटच्या दिव्यावर तिने ते जाळलं होतं. घाशाने विचारलं होतं, "काय जळतंय?" ती म्हणाली होती, "मेण." गोळ्यांच्या बाटल्यांवरची लेबलं ती लॅबच्या मोरीत भिजवून खरवडायची आणि मग सगळ्या गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या डब्यांत भरायची, एका डब्यात मोठ्या, एकात बूस्टर, एकात बाकीच्या. ताई येता-जाता म्हणायची, "हाडांची काळजी घेतेस ते बरं करतेस हो." लॅबमध्ये येणाऱ्या जबड्यांवरही नाव नसतं, नुसता नंबर असतो. चारशे बारा, चारशे तेरा. कुणाचे दात पडले, का पडले, कुणी पाडले, काही विचारायचं नाही. तिला या नोकरीतलं हेच सगळ्यात आवडायचं.

एवढी घाबरत कशाला होती, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने तो कप बघितलेला नसतो. ताईच्या गॅलरीत एक कप होता, निळ्या काठाचा, त्यात रंगाचे जुने ब्रश उभे असत. तो पूर्वी स्वयंपाकघरात होता. तळमजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची, ताईची बऱ्यापैकी मैत्रीण, दुपारचा चहा प्यायला वर यायची. एके दिवशी तिलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. कसं कळलं देव जाणे, पण सगळ्यांना कळलं. ताई वाईट माणूस नव्हती. ताईने तिला घालून-पाडून काही म्हटलं नाही, जिन्यात भेटली तर 'बरी आहेस ना' विचारायची. फक्त तो कप ताईने उकळत्या पाण्यात घातला, एकदा घातला, दोनदा घातला, तिसऱ्यांदा घातला, पुसून उन्हात ठेवला, आणि मग फळीवर न ठेवता गॅलरीत नेऊन त्यात ब्रश ठेवले. ही तेव्हा ओट्यापाशी भाजी निवडत बसलेली. हिच्या रक्तात तेव्हाही तेच होतं. उष्ट्या कपाने काही होत नाही हे तिला पाठ होतं, ते सांगायला तोंडही होतं, पण दातखीळ बसली ती बसलीच. शिवणारी बाई महिनाभरात घर सोडून गेली. कप आहे अजून. रोज कपडे वाळत घालताना दिसतो.

"अहो, चारशे बाराचं तोंड कधी पुरं होणार?" मालक दारातून म्हणाले. तिने सुरी उचलली आणि सुरी हातातून निसटून फरशीवर पडली. वाकून उचलायला गेली तर दोन बोटांत धरवेना. बोटं. या बोटांवर तिचं सगळं होतं. माणसाचं तोंड बंद होताना वरचा दात खालच्या दातावर कुठे टेकतो ते तिला डोळे मिटून कळायचं, ते याच बोटांनी. बोटं गेली तर? नुसती बोटंच जातील कशावरून? तिने फोन घेतला आणि मोरीत जाऊन दार लोटलं. अंगठ्याने आकडे दाबले जात नव्हते, शेवटी तिने मधल्या बोटाच्या पेराने दाबले.

चष्मेवाल्या बाईंनी फोन उचलला. तिने आपल्या केसपेपरचा नंबर सांगितला, नाव नाही. "डोकं दुखत होतं," ती कुजबुजली, "ताईने गोळी दिली. तीन घेतल्या. बोटं गार पडलीत. मेण पडलं तरी कळलं नाही." पलीकडून बाईंचा तोच शांत आवाज, पण भरभर. "रंग कसा आहे?" "पांढरा. नखांपाशी निळा." "पाय?" "पोटऱ्या भरून येताहेत." "गोळीचं नाव?" "माहीत नाही. पट्टीवर ताईने नुसतं 'डोकं' लिहिलंय." "मागे छापलेलं असेल. वाचून घ्या आणि लगेच मला सांगा. लगेच म्हणजे लगेच."

तिने ताईला फोन लावला. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, चष्मा शोधल्याचा, आणि ताई अक्षर लावत वाचू लागली. "ए-र-गो... एरगोटामिन. का गं? उतरलं का डोकं?" "उतरलं," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. ताईला तेवढं पुरलं. "काय झालंय? छोटे, काय झालंय? मी येते." "नको." "मी रिक्षा करून येते," म्हणून ताईने फोन ठेवलासुद्धा. तिने पुन्हा क्लिनिकला फोन लावला. चष्मेवाल्या बाईंनी नाव ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "आता नीट ऐका. आहात तशा उठा आणि मोठ्या दवाखान्यात जा, तातडीच्या विभागात. ही गोळी रक्ताच्या नसा आवळते, आणि बूस्टरने ती अंगात अडकवून ठेवलीय. आता आणखी एकही गोळी घेऊ नका. तुमच्या नेहमीच्या गोळ्याही मनाने बंद करू नका, त्याचं काय ते आम्ही आणि तिथले डॉक्टर मिळून ठरवू. मी तिकडे फोन करते, पण कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. म्हणून तुम्ही स्वतः सांगायचं. काय सांगायचं?" ती दाराच्या फटीकडे बघत होती. "बाई, काय सांगायचं?" मोरीच्या दाराबाहेर घाशा हात धुवायला येऊन उभा होता, त्याची चप्पल फटीतून दिसत होती. "हो," ती म्हणाली, "सांगते." आणि फोन बंद केला. बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

लॅबच्या दारातच ताईची रिक्षा आली. खुबा धरत ताई अर्धी बाहेर आली आणि हिचे हात बघून पुन्हा मटकन आत बसली. "अगं बाई, हे काय झालं!" रस्ताभर ताई तिचे हात आपल्या पदरात धरून बसली होती आणि तिला ताईचे हात जाणवत नव्हते. दिसत होते, शिरा वर आलेले, पिठाचा वास येणारे, एका बोटावर बॉलपेनची शाई. दिसतात आणि जाणवत नाहीत. सांगितल्यावर असंच होईल, तिला वाटलं. ताई असेल, दिसेल, जिन्यात भेटली तर 'बरी आहेस ना' विचारेल. रिक्षा सिग्नलला थांबली की तिच्या मनात यायचं, आत्ता सांगावं. रिक्षा सुटली की वाटायचं, पुढच्या सिग्नलला. असे चार सिग्नल गेले.

तातडीच्या विभागात हिरव्या पडद्यांच्या रांगा, आणि पडद्यांना कान असल्यासारखी माणसं. डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं. तिने मनगटाची नाडी बघितली, पुन्हा बघितली, कपाळाला आठी घातली. "काम काय करता मावशी?" "दातांच्या लॅबमध्ये. कवळ्या." "म्हणजे दिवसभर मान खाली. कधीपासून होतंय?" "आज." "डोकं दुखायचं, म्हणून मी गोळी दिली होती," ताई म्हणाली आणि पर्समधून पट्टी काढली. डॉक्टरने ती उलटून बघितली. "तीन घेतल्यात ना? तीन गोळ्यांनी इतकं होत नाही सहसा. आणखी काही चालू आहे? रोजच्या गोळ्या, काहीही?" आणि ही तोंड उघडायच्या आत ताई बोलली, अगदी ठासून, घरच्या माणसाने बोलावं तशी. "छे, काही नाही. फक्त कॅल्शियम घेते. बारा वर्षं मी बघतेय ना."

डॉक्टरने कागदावर लिहिलं: कॅल्शियम. ते लिहिलेलं हिला दिसलं. शेजारच्या पडद्यामागे कुणीतरी खोकत होतं, एक नर्स वजनकाटा सरकवत होती, आणि डॉक्टर म्हणत होती, मानेचा एक्सरे काढून घेऊ, तोवर हात गरम ठेवा, काळजी करू नका. काळजी करू नका! तिला वाटलं, उठावं आणि एक्सरे काढायला जावं. मान असेल. मान असती तर किती बरं झालं असतं. गप्प राहिलं की सगळं जिथल्या तिथे राहतं, ताई, डबा, फळीवरचे कप. फक्त बोटं काळी पडतील. एक बोट गेलं तर लपवता येतं का? दोन? तिच्या मनाने खरोखर हा हिशेब केला, आणि त्या हिशेबाचीच तिला इतकी भीती वाटली, मेणाहून, निळ्या नखांहून जास्त, की तोंड आपोआप उघडलं.

"कॅल्शियम नाही ते." आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टर वाकली. "मी एचआयव्हीच्या गोळ्या घेते. बारा वर्षं. त्यात बूस्टर आहे. रिटोनावीर."

डॉक्टरने केसांतलं पेन ओढून काढलं. मग सगळं भराभर झालं. कॅल्शियमवर काट, नर्सला हाक, एक्सरे राहू दे, मोठ्या डॉक्टरांना बोलवा, सलाइन लावा. क्लिनिकचा नंबर डॉक्टरने विचारला, आणि हिने सांगितला, पाठच होता. "नसा सैल करायचं औषध सुरू करतेय," डॉक्टर म्हणाली. "बोटं वाचतील?" "वेळेत आलात असं वाटतंय. पण उद्यापर्यंत मी शब्द देणार नाही." ताई या सगळ्यात स्टुलावर बसून होती. हिचे हात तिच्या पदरातच होते, पण ती ते विसरून गेल्यासारखी समोरच्या भिंतीकडे बघत होती. आता हात काढून घेईल. आता. तिने डोळे मिटून घेतले, उगाच ते बघायला नको म्हणून.

"मागच्या पावसाळ्यात," ताई म्हणाली, "मी तुला खोकल्याचं दिलं होतं." हिने डोळे उघडले. "आणि ती झोपेची अर्धी. दिली होती की नाही? तू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलीच नव्हतीस. मी म्हटलं, दमलीय बिचारी, झोपू दे." ताईचा आवाज चढत गेला. "आणि पोटाची. आणि ते कसलं ते खाजेचं. अगं, मी तुला काय काय दिलंय! हौसेने दिलंय! बारा वर्षं माझ्या हातून पाणी घेत होतीस आणि मला एका शब्दाने म्हणाली नाहीस, ताई, थांब. मी मारलं असतं गं तुला. माझ्या हाताने मारलं असतं आणि मला कळलंही नसतं." शेजारचा खोकला थांबला होता, सगळे ऐकत होते, आणि ताईला त्याची पर्वा नव्हती. ताई रडत होती, रागाने, नाक वाहेपर्यंत. मग तिने एकदम हळू विचारलं, "तो गॅलरीतला कप. त्याच्यामुळे ना?"

ती नाही म्हणणार होती. इतकी वर्षं नाही म्हणायची सवय होती. पण सलाइन लावलेला हात हलवता येत नव्हता, मान हलवता येत होती, आणि मान हो म्हणून हलली. ताईने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा दोन्ही हात धरले. माफी वगैरे ताईला कधी मागता येत नसे.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, मागे दोन-तीन जण घेऊन, आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून कागद वाचू लागले. ताई उठून उभी राहिली. तिने रिकाम्या औषधाच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहून घेतलं होतं, नर्सकडून विचारून, त्याच ठसठशीत अक्षरात. "नेहमीचं औषध कुठलं म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं. हिने तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली, पुठ्ठा न बघता, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "रिटोनावीर. बूस्टर आहे तो. त्याच्याबरोबर दुसरं काहीही द्यायचं असेल तर आधी तिच्या क्लिनिकला विचारा. मग मला सांगा. मगच द्या." मागचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. ताई हलली नाही. आणि तेवढ्यात डाव्या हाताच्या पहिल्या बोटात काहीतरी झालं. आधी उबेसारखं, मग टोचल्यासारखं, मग इतकं की तिने जिभेने 'स्स' केलं आणि ताईचा हात घट्ट धरला. दुपारी पडलेलं मेण आत्ता भाजलं.